रात्रीचे टोकियो आणि पाहुण्याचा डोळा

परदेशातील मोठ्या शहराची रात्र हा विषय प्रवासवर्णनकारांना फार पूर्वीपासून भुरळ घालीत आला आहे. दिवसा सर्व शहरे थोडीबहुत सारखीच दिसतात. कचेऱ्या, दुकाने, आगगाड्या आणि घाईने चालणारी माणसे यांत देशपरत्वे फारसा फरक आढळत नाही. शहराचा खरा स्वभाव दिवे लागल्यावर प्रकट होतो, अशी एक समजूत आहे आणि ती सर्वस्वी निराधार आहे असेही म्हणता येणार नाही. टोकियोच्या बाबतीत तर ही समजूत विशेष रूढ आहे. शिंजुकूचे रंगीत दिवे, अरुंद गल्ल्यांतील तांबडे कागदी कंदील, सहा-आठ माणसे जेमतेम बसतील एवढाल्या मद्यगृहांतील संभाषणे आणि पहाटेच्या पहिल्या गाडीची वाट पाहत फलाटावर पेंगणारे तरुण, एवढा ऐवज हाती लागला की पाहुण्याचे प्रकरण सिद्ध होते. अलीकडे जपानला जाऊन येणाऱ्या मराठी माणसांची संख्या वाढली आहे. तिच्याबरोबर अशा प्रकरणांचीही संख्या वाढणे स्वाभाविक आहे. म्हणून या प्रकारच्या लेखनाचा एकदा मुळापासून विचार करावा, असे आम्हांस वाटते.

शाळेत ‘मी पाहिलेले शहर’ या विषयावर निबंध लिहावयास दिला असता दहांतील नऊ मुले स्थळांची यादी करतात. अमुक पाहिले, मग तमुक पाहिले, फार मौज वाटली आणि आम्ही घरी परतलो, असा त्या निबंधांचा घाट असतो. दहावा मुलगा मात्र लिहितो की, आगगाडीतून उतरल्यावर आमचे सामान ज्या हमालाने उचलले त्याच्या डोक्यावरील चुंबळ भिजलेली होती. या एका वाक्याने त्याचा निबंध इतरांपासून वेगळा होतो. शहरात कोणीतरी राहतो, कोणीतरी राबतो आणि आपण तेथे एक दिवसापुरते आलो आहोत, ही जाणीव त्या वाक्यात असते. रात्रीच्या शहरावर लिहिणाऱ्या प्रौढ लेखकांनाही आम्ही हीच कसोटी लावू इच्छितो. पाहुण्याची मौज ही दुसऱ्या कोणाची तरी रात्रपाळी असते. लेखकाला ती रात्रपाळी दिसली काय, आणि दिसली असल्यास तिच्यापुढे आपण कोण आहोत याचा हिशेब त्याने दिला काय, एवढेच आम्ही पाहणार आहोत.

या कसोटीसाठी आम्ही जपानी लेखकांचेच ग्रंथ निवडले आहेत. पाहुण्यासंबंधी बोलावयाचे असता देशी लेखक कशास, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, मोठ्या शहराच्या रात्रीत तेथील बहुतेक लेखकही पाहुणेच असतात. ते दुसऱ्या पेठेतून येतात, दुसऱ्या वर्गातून येतात, पाहतात आणि घरी जाऊन लिहितात. भाषा आपली असली तरी गल्ली परकी असू शकते. आम्ही हे ग्रंथ इंग्रजी अनुवादांतून वाचले आहेत. तेव्हा शैलीच्या सूक्ष्म गुणांविषयी आम्ही मौन पाळू आणि रचना व दृष्टिकोन यांपुरतेच बोलू. नावे जपानी रीतीप्रमाणे आडनाव प्रथम अशी दिली आहेत.

प्रथम त्या रात्रीची घडण ध्यानात घेतली पाहिजे. टोकियोतील आगगाड्या रात्रभर चालत नाहीत. मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात शेवटची गाडी निघून जाते आणि पहाटे साडेचार-पाचच्या सुमारास पहिली सुटते. मधले चार तास हे या शहराचे एक निराळेच राज्य आहे. शेवटची गाडी ज्याने गाठली तो घरी गेला; ज्याने चुकविली त्याला पहाटेपर्यंत कोठेतरी आसरा शोधणे भाग असते, कारण दूरच्या उपनगरापर्यंतचे टॅक्सीचे भाडे सामान्य माणसाला परवडत नाही. रात्रभर उघडी असणारी उपाहारगृहे, गाण्याच्या खोल्या, खोक्याएवढ्या बिछान्यांची निवासस्थाने यांचा मोठा व्यवसाय या चार तासांवर चालतो. असल्या निवासस्थानांपैकी पहिले 1979 साली ओसाका येथे निघाले आणि ती कल्पना मग इतरत्र पसरली. पाहुण्याला ही सर्व चैन वाटते. तिच्या मुळाशी गाड्यांचे वेळापत्रक, घरांची दूरता आणि कचेरीतील लांबणारे काम आहे, हे त्याच्या सहसा ध्यानात येत नाही.

नावांचेही असेच आहे. शिंजुकू भागातील काबुकीचो या पेठेचे नाव ऐकून तेथे काबुकी नाटकांचे रंगमंदिर असावे असा पाहुण्याचा समज होतो. महायुद्धात जळून गेलेल्या या भागात काबुकीचे नाट्यगृह बांधण्याचा बेत झाला होता आणि त्यावरून 1948 साली हे नाव पडले. ते नाट्यगृह उभे राहिलेच नाही. नाव मात्र राहिले, आणि त्या नावाखाली चित्रपटगृहे, मद्यगृहे व त्याहून निराळे धंदे वाढले. शेजारच्या गोल्डन गाई या गल्ल्यांत दोनशेहून अधिक चिमुकली मद्यगृहे दाटीवाटीने उभी आहेत. 1956 साली जपानच्या संसदेने वेश्याव्यवसाय-प्रतिबंधक कायदा संमत केला आणि 1958 च्या एप्रिलपासून त्यातील शिक्षेची कलमे अमलात आली. त्यानंतर या घरांनी आपला व्यवसाय बदलला. ज्या जिन्यांचे चित्र पाहुणा कौतुकाने घेतो, त्यांच्यावरून पूर्वी कोण चढत-उतरत असे हे त्याला कोणी सांगत नाही.

आता ग्रंथांकडे वळू. कावाबाता यासुनारी यांचे नाव 1968 च्या नोबेल पारितोषिकामुळे आपल्याकडे सुपरिचित आहे. त्यांच्या नावाबरोबर बर्फाळ प्रदेश, चहाचा विधी आणि मावळते सौंदर्य यांची आठवण होते. परंतु 1929 च्या अखेरीपासून त्यांनी ‘टोकियो आसाही’ या वृत्तपत्रात ‘असाकुसा कुरेनाइदान’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध केली, ती अगदी निराळ्या जातीची आहे. असाकुसा हे त्या काळचे टोकियोतील सर्वांत गजबजलेले करमणुकीचे केंद्र होते. 1923 च्या सप्टेंबरातील भूकंपाने तेथील बारा मजल्यांचा मनोरा मोडला आणि भोवतालची वस्ती जळाली. त्या राखेवर पुन्हा उभ्या राहिलेल्या नाट्यगृहांचे, नर्तिकांचे, भिकाऱ्यांचे आणि भटक्या मुलामुलींचे हे चित्रण आहे. युमिको नावाची वेषांतर करण्यात पटाईत अशी एक मुलगी त्याच्या मध्यभागी आहे. आपल्या बहिणीला फसविणाऱ्या पुरुषाचा सूड घेण्यासाठी ती टपलेली आहे.

या कादंबरीचा निवेदक वाचकाला सतत संबोधून बोलतो. तो जणू वाटाड्या आहे आणि वाचक त्याच्यामागून चालणारा प्रवासी. या युक्तीने कथेला विलक्षण चपळाई आली आहे. वृत्तपत्रांतील तपशील, जाहिराती, गाणी, अफवा असे सारे काही तीत येते आणि पाने भराभर उलटतात. परंतु ही चपळाईच तिचा दोष होऊन बसली आहे. निवेदक एका माणसापाशी थांबतो न थांबतो तोच दुसरीकडे बोट दाखवितो. युमिकोचा सूड ज्या प्रसंगात पराकोटीला जातो तोही एखाद्या जत्रेतील खेळाप्रमाणे आपल्यापुढून निघून जातो. भूकंपात ज्यांचे घरदार गेले त्यांची रात्र आणि तिकीट काढून आत येणाऱ्याची रात्र यांमधील अंतर लेखकाला ठाऊक आहे. पण त्या अंतराचा जाब तो स्वतःला विचारीत नाही. या लेखनाचा एक परिणाम मात्र नोंदण्यासारखा आहे. असाकुसातील मत्स्यालयाच्या इमारतीत 1929 साली सुरू झालेल्या ‘कॅसिनो फॉली’ या नृत्यनाट्याच्या रंगमंचाला या कादंबरीने प्रसिद्धी मिळाली आणि तेथे प्रेक्षकांची रीघ लागली. पाहुण्याच्या लेखणीने नवे पाहुणे आणले. आजही रात्रीच्या शहरावरील प्रत्येक रसाळ लेख हेच काम करीत असतो, आणि लेखकाने ही आपली जबाबदारी ओळखावयास हवी.

नागाई काफू यांची ‘बोकुतो किदान’ ही लहानशी कादंबरी 1937 साली वृत्तपत्रातून प्रसिद्ध झाली. काफू हे 1879 साली जन्मले. तरुणपणी अमेरिका व फ्रान्स येथे राहून आले आणि पुढे जन्मभर टोकियोच्या गल्ल्यांतून पायी हिंडत राहिले. सुमिदा नदीच्या पूर्वेस तामानोई नावाची स्वस्त वेश्यावस्ती होती. दलदलीच्या जागी वसलेली, डासांनी आणि गटारांच्या दुर्गंधीने भरलेली अशी ती वस्ती. कादंबरीचा निवेदक हा पन्नाशी उलटलेला लेखक आहे. शेजारच्या घरातील रेडिओचा आवाज असह्य होऊन तो संध्याकाळी घराबाहेर पडतो. एके दिवशी अकस्मात पाऊस येतो आणि एक स्त्री त्याच्या छत्रीत शिरते. तिचे नाव ओयुकी. येथून त्याच्या त्या घरातील फेऱ्या सुरू होतात.

या कथेत आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो निवेदकाचा वेष. तामानोईला जाताना तो जुने कपडे आणि लाकडी खडावा घालतो, आपले नाव व व्यवसाय सांगत नाही. तो चोरून विकल्या जाणाऱ्या पुस्तकांचा व्यापारी असावा असा ओयुकीचा समज होतो आणि तो त्या समजाला धक्का लावीत नाही. कादंबरीच्या आरंभीच एक पोलीस त्याला हटकून त्याची झडती घेतो, तोही प्रसंग सहेतुक आहे. रात्री परक्या पेठेत हिंडणारा माणूस हा स्वतः एक संशयित इसम असतो, हे काफूंनी पहिल्या काही पानांतच मान्य केले आहे. कथेच्या आत निवेदक आणखी एक कादंबरी लिहीत आहे. तिचा नायक पन्नाशी ओलांडलेला, इंग्रजी शिकविणारा एक शाळामास्तर असून निवृत्तीची रक्कम हाती पडताच तो घरी न परतता नाहीसा होतो. आमच्या व्यवसायबंधूंनी हा भाग जरूर वाचावा! पळून जाण्याची इच्छा ही केवळ विलासी माणसाची नसते. ती नेमस्त, कर्तव्यदक्ष माणसाच्या मनातही दडलेली असते आणि रात्रीचे शहर त्याच इच्छेला हाक घालते, ही गोष्ट काफूंनी त्या मास्तराच्या द्वारे फार संयमाने सुचविली आहे.

पुढे ओयुकी लग्नाची गोष्ट काढते आणि निवेदक येणे थांबवितो. शरद ऋतूत ती आजारी असून रुग्णालयात असल्याचे त्याच्या कानी येते. दोघांनाही एकमेकांचे खरे नाव व पत्ता ठाऊक नाही आणि त्या अज्ञानातच कथा संपते. काही टीकाकारांना या शेवटात उदास सौंदर्य दिसते. आम्हांस त्यात सौंदर्याइतकेच पाहुण्याचे स्पष्ट निदानही दिसते. खोटे नाव धारण करून आलेला माणूस ज्या दिवशी त्याच्याकडे खऱ्या नात्याची मागणी होते त्या दिवशी निघून जातो. निघून जाता येणे हाच त्याचा खरा अधिकार आहे, आणि ओयुकीला तो नाही. काफूंनी निवेदकाची बाजू सावरण्याचा प्रयत्न केलेला नाही, ही त्यांची थोरवी होय. मात्र एक उणीव सांगितली पाहिजे. ओयुकीच्या जुन्या धर्तीच्या केशरचनेत निवेदकाला आपल्या तरुणपणचा मेइजी काळ दिसतो आणि त्या स्मृतीच्या धुक्यात ओयुकी स्वतः पुष्कळशी हरवते. तिचा दिवस कसा जातो, तिला कोणाचे देणे आहे, ती पाऊस नसलेल्या रात्री काय करते, हे आपणांस फार थोडे कळते. तामानोईची ती वस्ती 1945 च्या मार्चमधील हवाई हल्ल्यात जळाली. तामानोई हे रेल्वे स्थानकाचे नावही 1987 साली बदलले. आता ती गल्ली फक्त या पुस्तकात उरली आहे. म्हणूनच पुस्तकात ओयुकीला अधिक जागा हवी होती, असे वाटते.

ही उणीव कोणत्या मार्गाने भरून निघू शकते हे पाहावयाचे तर आपणांस चाळीस वर्षे मागे, हिगुची इचियो यांच्याकडे जावे लागते. इचियो या 1896 साली, अवघ्या चोविसाव्या वर्षी, क्षयाने वारल्या. 1893 साली त्यांनी घरच्या दारिद्र्यामुळे योशिवारा या सरकारमान्य वेश्यापेठेलगतच्या वस्तीत खाऊचे व किरकोळ वस्तूंचे एक दुकान घातले. ते दुकान एक वर्षही टिकले नाही. पण त्या महिन्यांतून ‘ताकेकुराबे’ ही कथा जन्माला आली. 1895-96 मध्ये ती प्रसिद्ध झाली.

या कथेत योशिवाराच्या आत आपण जवळजवळ जातच नाही. भिंतीबाहेर राहणाऱ्या मुलांची ही गोष्ट आहे. त्यांचे आईबाप त्या पेठेवर पोट भरतात. कोणी तेथील ग्राहकांची ने-आण करतो, कोणी कपडे शिवतो, कोणी शुभशकुनाच्या वस्तू बनवितो. मुले सणाच्या दिवशी टोळ्या करून भांडतात, गाणी म्हणतात. मिदोरी नावाची चौदा वर्षांची मुलगी ही आतल्या एका नामांकित गणिकेची धाकटी बहीण आहे. तिच्या हाती पैसा खुळखुळतो, ती मैत्रिणींना खाऊ वाटते, आणि आपल्या वाट्याला पुढे काय वाढून ठेवले आहे हे तिला समजत असूनही समजलेले नाही. मठाधिपतीचा मुलगा शिन्न्यो याच्याविषयी तिच्या मनात जे आहे ते दोघांपैकी एकाच्याही तोंडून बाहेर पडत नाही. एके दिवशी तिची केशरचना बदलते, तिचे हसणे-खेळणे थांबते, आणि एका सकाळी तिच्या दाराशी कोणीतरी कागदी फूल ठेवून गेलेले आढळते. एवढ्यावर कथा थांबते.

पाहुण्याच्या डोळ्याला जे दिवे दिसतात तेच येथे आहेत. फक्त ते भिंतीबाहेरच्या खंदकाच्या काळ्या पाण्यात उलटे पडलेले दिसतात. इचियो यांनी रात्र ग्राहकाच्या बाजूने पाहिली नाही. ती शेजाऱ्याच्या बाजूने पाहिली. जो शेजारी आहे त्याला शेवटच्या गाडीने निघून जाता येत नाही. सकाळी तेच पाणी, तीच गल्ली आणि तीच मुले त्याच्यापुढे असतात. या एका फरकाने कथेचा सारा भार बदलतो. कोठेही आक्रोश नाही, उपदेश नाही. आणि तरीही ती वाचून झाल्यावर योशिवाराच्या वैभवाचे कोणतेही रंगीत चित्र निष्पाप राहत नाही. आम्ही चर्चिलेल्या ग्रंथांत कसोटीला सर्वस्वी उतरणारा ग्रंथ हाच होय, असे आम्ही निःसंकोचपणे म्हणतो.

आता आपल्या काळाकडे येऊ. मुराकामी र्‍यू यांच्या 1997 सालच्या ‘इन द मिसो सूप’ या कादंबरीत दृष्टीची दिशाच उलटली आहे. केंजी नावाचा वीस वर्षांचा तरुण परदेशी पाहुण्यांना काबुकीचोची रात्र दाखविण्याचा धंदा करतो. वर्षअखेरचे दिवस आहेत आणि फ्रँक नावाचा अमेरिकन त्याला तीन रात्रींसाठी ठरवितो. आजवर पाहुणा शहराचे निरीक्षण करीत होता. येथे वाटाड्या पाहुण्याचे निरीक्षण करतो. या माणसाची कातडी अशी विचित्र का दिसते, तो क्षुल्लक गोष्टीत खोटे का बोलतो, त्याला नेमके काय हवे आहे, असे प्रश्न केंजीला पडतात आणि वाचकाच्या मनात भय साचत जाते. ते भय पुढे एका मद्यगृहातील भीषण हत्याकांडात फुटते. तेथे रक्तपाताचे वर्णन इतके सविस्तर आहे की कादंबरीचा तोल ढळतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. लेखक ज्या बाजारावर टीका करतो त्याच बाजारातील मसाला तो त्या पानांपुरता स्वतः वापरतो. तथापि पूर्वार्धाचे मोल त्यामुळे कमी होत नाही. पैसे मोजून रात्र विकत घेणारा पाहुणा रात्रपाळीवरील माणसाला कसा दिसतो, हे इतक्या जवळून दाखविणारे लेखन विरळा. वर्षाच्या शेवटच्या रात्री बौद्ध मंदिरांतून वाजणारे एकशेआठ टोल ऐकण्याची फ्रँकला इच्छा आहे. परक्या संस्कृतीने आपले पाप आयते धुऊन द्यावे, या पाहुण्यांच्या जुन्या अपेक्षेवर याहून कठोर टीका करणे कठीण आहे.

मुराकामी हारुकी हे सध्या जगभर वाचले जाणारे लेखक. त्यांची ‘आफ्टर डार्क’ ही कादंबरी 2004 साली प्रसिद्ध झाली. मध्यरात्रीस चार मिनिटे असता ती सुरू होते आणि सकाळी सहा वाजून बावन्न मिनिटांनी संपते. प्रत्येक प्रकरणावर घड्याळाचे चित्र आहे. एकोणीस वर्षांची मारी ही विद्यार्थिनी घरी न जाता रात्रभर उघड्या असणाऱ्या उपाहारगृहात पुस्तक वाचीत बसली आहे. जवळच्या एका तासिक भाड्याच्या हॉटेलात एका चिनी मुलीला मारहाण झालेली असते. ती मारीच्याच वयाची आहे, तिला जपानी येत नाही आणि मारीला चिनी येते. हॉटेलची व्यवस्थापिका काओरू, जी पूर्वी कुस्त्या खेळत असे, मारीला दुभाषी म्हणून बोलावून नेते. मारहाण करणारा इसम कोणी गुंड नाही. तो कचेरीत रात्रीचे काम करणारा, व्यवस्थित कपडे घातलेला संगणक-तज्ज्ञ आहे आणि कृत्य उरकून तो पुन्हा आपल्या मेजापाशी जाऊन काम करीत बसतो.

आमच्या विषयाच्या दृष्टीने ही घटना फार अर्थपूर्ण आहे. टोकियोच्या रात्रीतील खरी परदेशी व्यक्ती कोण, या प्रश्नाचे उत्तर तीत दडले आहे. नकाशा हाती घेऊन दिव्यांचे कौतुक करणारा प्रवासी परदेशी आहेच. पण समुद्रापलीकडून आणली गेलेली, कागदपत्रे नसलेली, भाषा न जाणणारी ती मुलगीही परदेशी आहे. दोघेही एकाच रात्री एकाच पेठेत असतात. एकासाठी ती रात्र विकत घेण्याची वस्तू आहे आणि दुसरीच्या देहावर तिची किंमत ठरते. प्रवासवर्णनांत पहिल्याच्या अनुभवांना पानेच्या पाने मिळतात. दुसरीला एखादी ओळही लाभत नाही.

या कादंबरीचे निवेदन ‘आम्ही’ या सर्वनामाने होते. या पानांवर आम्ही जो ‘आम्ही’ वापरतो तो लेखनपरंपरेतून आलेला आहे. तेथील ‘आम्ही’ म्हणजे हवेत तरंगणारी निव्वळ दृष्टी होय. ती खिडकीतून आत शिरते, झोपलेल्या माणसाजवळ जाते, सर्व पाहते. परंतु हस्तक्षेप करावयाचा नाही असा तिचा नियम आहे. पाहुण्याच्या डोळ्याचे याहून नेमके वर्णन आमच्या वाचनात नाही. लेखकाने तो नियम उघड मांडला हे त्याचे सामर्थ्य. मात्र त्या नियमाला तो पुरेसे आव्हान देत नाही, हे त्याचे दौर्बल्य. ती चिनी मुलगी एका माणसाच्या मोटारसायकलवर मागे बसून निघून जाते आणि कादंबरीत पुन्हा येत नाही. मारीला तिची आठवण होते, तिच्याशी मैत्री जुळली असती असे तिला वाटते. पण कादंबरीची दृष्टी मारीच्या झोपलेल्या बहिणीकडे वळते आणि सकाळ होते. गाड्या सुरू होतात. सकाळची ती सौम्यता आम्हांस थोडी घाईने मिळविलेली वाटली.

येथे एक आक्षेप आम्ही अपेक्षितो. प्रवासाला गेलेल्या साध्या माणसाने चार घटका आनंद घ्यावा, की प्रत्येक दिव्याखाली दुःख शोधीत हिंडावे? आक्षेप रास्त आहे. आनंद घेणे हा अपराध नव्हे, आणि दुःखाचा शोध हाही एक प्रकारचा तमाशा होऊ शकतो. काफूंच्या उदाहरणावरून ते दिसतेच. आमचे म्हणणे मर्यादित आहे. आनंद घ्यावा, लिहावयास बसल्यावर मात्र त्या आनंदाचे बिल कोणी भरले हे लपवू नये. वाढपी किती वाजता घरी जातो, शेवटची गाडी त्याला मिळते काय, गल्लीतील दिवा कोण मालवितो, एवढ्या चौकशीला भाषा फारशी लागत नाही. ज्याला ही चौकशी सुचते त्याच्या वर्णनाला आपोआप वजन येते.

मराठी वाचकांना जपानचे दर्शन घडविणाऱ्या पुस्तकांत पु. ल. देशपांडे यांच्या 1963 सालच्या ‘पूर्वरंगा’चे स्थान मोठे आहे. माणसाकडे आधी आणि स्थळाकडे मागाहून पाहावे, हा धडा त्या लेखकाने आपणांस दिला. पुढील पिढ्यांनी त्यांचा विनोद उचलला आणि तो धडा बहुधा विसरला. दुसऱ्या बाजूने पाहता, शेजाऱ्याच्या दृष्टीने लिहिलेली रात्र मराठीला परकी नाही. नामदेव ढसाळ यांच्या 1972 सालच्या ‘गोलपिठा’ने मुंबईच्या अशाच एका वस्तीची रात्र तेथे वाढलेल्या माणसाच्या तोंडून आपणांस ऐकविली, आणि पांढरपेशा वाचक आपल्याच शहरात पाहुणा कसा असतो हे त्याला प्रथमच कळले. इचियोंचा संयम आणि ढसाळांचा क्षोभ यांत रीतीचे मोठे अंतर आहे. परंतु दोघेही भिंतीलगत राहिले होते. ज्या भाषेत ‘गोलपिठा’ लिहिला गेला त्या भाषेतील प्रवाशाने शिंजुकूच्या दिव्यांवर यादीवजा निबंध लिहून समाधान मानावे, हे शोभत नाही.

म्हणून टोकियोला जाणाऱ्या आमच्या वाचकांस एवढेच सुचवावेसे वाटते की, जाण्यापूर्वी मार्गदर्शक पुस्तिकेबरोबर ‘ताकेकुराबे’चा अनुवाद वाचावा; ती कथा एका बैठकीत वाचून होते. ‘बोकुतो किदान’ परतीच्या प्रवासात वाचले तरी चालेल. आणि एखाद्या रात्री गाडी चुकलीच, तर रात्रभर उघड्या असलेल्या उपाहारगृहात बसून पहाटे चारला फरशी पुसणाऱ्या माणसाकडे नीट पाहावे. तो बहुधा दुसऱ्या देशातून आलेला विद्यार्थी असेल. त्याच्यापासून प्रकरणाचा आरंभ केला, तर मराठीत रात्रीच्या टोकियोवर वाचण्याजोगे काही तरी लिहिले जाण्याचा संभव आहे.